हंगाम किती आठवड्यांचा?

(कोल्हापुरातील एका व्याख्यानमालेत सिडनीनिवासी कोल्हापूरकर वक्तीने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मी शिवाजी पेठेतली. पेठेतल्या माणसाला फुटबॉल समजावून सांगायचा नसतो, त्यामुळे तो भाग आपण सोडूनच देऊ. वडील मला शाहू स्टेडियमवर घेऊन जायचे. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली की दुपारपासूनच घरात कुणाचं कामात लक्ष नसायचं. गॅलरीत बायका बोटांवर मोजण्याइतक्या असायच्या. आणि मैदानात? मैदानात एकही नाही. त्या वयात त्याचं काही वाटलं नाही, हे आज सांगताना मात्र वाटतं.

गेली बरीच वर्षं मी सिडनीच्या पश्चिम भागात राहते. मुलगी तिथल्या क्लबात खेळते. शनिवारी सकाळी मी त्याच क्लबाच्या कँटीनमध्ये उभी असते, कारण तिकडे असे क्लब आईबापांच्याच जिवावर चालतात. आपल्या तालमीसारखंच म्हणा ना. वर्गणी, कार्यकर्ते, भांडणं, सगळं ओळखीचं. तिथूनच मला ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय महिला लीगचा नाद लागला. आज मी त्या लीगच्या एका हंगामाबद्दल बोलणार आहे, २०२३-२४ च्या. पण त्याआधी एक प्रश्न डोक्यात असू द्या. हंगाम किती आठवड्यांचा? त्या लीगची सगळी गोष्ट मला या एका प्रश्नात सापडली.

थोडं मागं जाऊ. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि २००४ मध्ये बंद पडली. पुढची चार वर्षं देशपातळीवर लीगच नव्हती. त्या चार वर्षांत ज्या मुली सतरा-अठरा वर्षांच्या होत्या, त्यांनी काय केलं असेल? २००८ मध्ये डब्ल्यू-लीग आली, मी जिच्याबद्दल बोलते आहे ती हीच लीग. आठ संघ, प्रत्येकाच्या वाट्याला दहा सामने, मग उपांत्य फेरी आणि अंतिम सामना. जेमतेम तीन महिन्यांत सगळा खेळ आटोपला. पहिलं विजेतेपद क्वीन्सलंड रोअरने कॅनबेरा युनायटेडला हरवून मिळवलं. पुढं संघ वाढले आणि सामने दहाचे बारा झाले, मग चौदा. पण वर्षाचे आठ-नऊ महिने लीग बंदच असायची.

आता यात खेळाडूचं काय होतं बघा. तीन-चार महिन्यांचा करार म्हणजे तेवढाच पगार. मग उरलेलं वर्ष? अमेरिकेची लीग वसंतापासून शरदापर्यंत चालते आणि ऑस्ट्रेलियाची त्यांच्या हिवाळ्यात बसायची. त्यामुळे चांगल्या खेळाडू तिकडचा हंगाम संपला की इकडे यायच्या आणि इकडचा संपला की तिकडे जायच्या. ऑस्ट्रेलियाची नावाजलेली स्ट्रायकर सॅम कर वर्षानुवर्षं अशीच खेळली, अमेरिकेत आणि पर्थमध्ये. २०१८-१९ च्या हंगामात तिने पर्थ ग्लोरीसाठी १७ गोल केले आणि वर्षभरात इंग्लंडला चेल्सीकडे गेली. लोक म्हणायचे, काय दम आहे या पोरींचा! दम होताच. पण वर्षाचे बारा महिने खेळायचं, विश्रांतीचा आठवडा नाही, हे आखूड हंगामानं त्यांच्यावर लादलं होतं. दोन अर्धे हंगाम जोडल्याशिवाय एक पगार होत नव्हता.

आणि ज्यांना अमेरिका मिळाली नाही, त्यांनी नोकऱ्या धरल्या. फियोना वर्ट्स ही इंग्लंडहून आलेली मुलगी अॅडलेड युनायटेडकडून खेळायची. २०२१-२२ च्या हंगामात तिने लीगमध्ये सर्वाधिक म्हणजे १३ गोल केले आणि सर्वोत्तम खेळाडूचं ज्युली डोलन पदकही पटकावलं. त्याच काळात ती मॅकडोनाल्ड्समध्ये कामाला होती. देशातली सर्वोत्तम खेळाडू, आणि पोट भरायला बर्गरच्या दुकानात पाळी. ही गोष्ट तिकडच्या वर्तमानपत्रांनी कौतुकानं छापली. मला त्यात कौतुक कमी आणि वाईटच जास्त वाटलं.

आता येऊ २०२३ कडे. जुलै-ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये महिलांचा विश्वचषक झाला. तो देश मी इतकी वर्षं बघते आहे, पण तसा कधी बघितला नव्हता. १२ ऑगस्टला ब्रिस्बेनमध्ये फ्रान्सविरुद्धची उपांत्यपूर्व लढत पेनल्टींवर गेली. दोन्हीकडून मिळून वीस पेनल्टी. विसावी मारायला आली कोर्टनी व्हाइन, तेव्हा सिडनी एफसीची, म्हणजे आमच्या लीगमधली. संघातल्या बहुतेकजणी युरोपात खेळणाऱ्या, ही घरची. तिने चेंडू जाळ्यात घातला आणि आमच्या गल्लीत, जिथं संध्याकाळी सातनंतर कुत्रंही भुंकत नाही, तिथं लोक दारं उघडून बाहेर आले. उपांत्य सामन्यात इंग्लंडने हरवलं. त्या दिवशी स्टेडियममध्ये ७५,७८४ माणसं होती.

आणि बरोबर दोन महिन्यांनी लीग सुरू व्हायची होती.

हा हंगाम आधीच वेगळा ठरलेला होता. सेंट्रल कोस्ट मरिनर्सचा महिला संघ पहिल्या दोन हंगामांनंतर पैशाअभावी बंद झाला होता, तो चौदा वर्षांनी परत आला. संघ झाले बारा. आणि लीगच्या इतिहासात पहिल्यांदा प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळणार होता, एकदा घरी, एकदा त्यांच्याकडे. म्हणजे प्रत्येकाला २२ सामने, साखळीत एकूण १३२. आपल्याला यात विशेष काय असं वाटेल. पण जिथं सुरुवात दहा सामन्यांवर झाली, तिथं पूर्ण हंगाम यायला पंधरा वर्षं लागली. पर्थहून न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला जायचं म्हणजे पाच हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास, एका सामन्यासाठी. पुरुषांची लीग हा खर्च कधीपासून करत होती. महिलांच्या बाबतीत तो ‘परवडत नाही’ या खात्यात पडायचा.

१४ ऑक्टोबर २०२३. पहिल्याच दिवशी सिडनी एफसी आणि वेस्टर्न सिडनी वाँडरर्स, मूर पार्कच्या मोठ्या स्टेडियमवर. मी, मुलगी आणि तिच्या क्लबातल्या सहाजणी, असे ट्रेननं गेलो. आम्ही पश्चिमेचे, त्यामुळे काळे-लाल पट्टे घालून. त्या दिवशी ११,४७१ लोक आले. लीगच्या साखळी सामन्याला तोवर एवढे कधीच आले नव्हते. पण आकड्यापेक्षा मला आठवतं ते सामन्यानंतरचं. कठड्याशी मुलींची ही रांग. एक खेळाडू सह्या देत होती, तिचं नाव मी इथं घेत नाही. गुडघ्यावर बर्फाची पिशवी, ती स्वयंपाकघरात असतो तसल्या प्लॅस्टिकच्या पातळ कागदानं गुंडाळून बांधलेली. बर्फ वितळून पाणी मोज्यात उतरत होतं. मार्करची शाई तिच्या तळहाताला लागली होती, आणि ती प्रत्येक मुलीला नाव विचारत होती, स्पेलिंग विचारत होती. माझ्या मुलीचं नाव तिला तीनदा विचारावं लागलं, पण तिनं ते बरोबर लिहूनच सोडलं. जाता जाता तिने दुसऱ्या एका बाईला सांगितलं की सोमवारी सकाळी कामावर जायचं आहे, तोवर सूज उतरली तर बरं.

सोमवारी कामावर. हे ऐकून मी घरी आले आणि आकडे काढून बसले.

त्या हंगामात लीगमधला किमान करार होता २५,००० डॉलरचा, ३५ आठवड्यांसाठी. २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा किमान रक्कम ठरली तेव्हा ती १०,००० होती, म्हणजे वाढ झाली, नाही कसं म्हणू? खेळाडूंच्या संघटनेनं ती भांडून मिळवली आहे. पण २५,००० ला ३५ नं भागा. आठवड्याला साधारण ७१४ डॉलर. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ काम करणाऱ्याचं कायद्यानं ठरलेलं किमान वेतन होतं आठवड्याला ८८२ डॉलर ८० सेंट. म्हणजे दुकानात झाडू मारणाऱ्या माणसाला कायदा जेवढं देतो, त्याहून कमी. ७१४ डॉलर म्हणजे किती हे रुपयात सांगत नाही, कारण रुपयात सांगितलं की तुम्हाला ते भरपूर वाटेल. सिडनीत एका खोलीचं भाडं भरून त्यातलं काय उरतं ते मला माहीत आहे. म्हणून निम्म्याहून जास्त खेळाडू दुसरं काम करतात. शाळेत शिकवणाऱ्या आहेत, नर्स आहेत, दुकानात आहेत. दिवसभर उभं राहायचं, संध्याकाळी सरावाला पळायचं.

मग दुखापती. गुडघ्यातला तो एक अस्थिबंध, ज्याला तिकडची शाळकरी पोरंही एसीएल म्हणून ओळखतात. मेलबर्न सिटीची हॉली मॅकनमारा, जेमतेम विशीतली मुलगी, तिचा एसीएल या हंगामात तिसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा! एकदा शस्त्रक्रिया झाली की परत उभं राहायला नऊ महिने ते वर्ष जातं. बायकांना ही दुखापत पुरुषांपेक्षा जास्त होते, हे डॉक्टर सांगतात आणि त्याची कारणं शरीरात शोधतात. ती असतीलही. पण दोन नोकऱ्या करणाऱ्या शरीराला झोप किती मिळते, मालिश कोण करतं, सरावाचं मैदान कसलं आहे, हे प्रश्न अलीकडे कुठं विचारले जायला लागलेत. ते आधी विचारायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं.

या हंगामातली माझी सर्वांत आवडती गोष्ट मात्र मिशेल हेमनची. कॅनबेरा युनायटेडची स्ट्रायकर, तेव्हा वय ३५. देशाच्या संघातून तिने २०१९ मध्येच निवृत्ती घेतली होती. या हंगामात ती अशी गोल करत सुटली की जानेवारीत सॅम करचा गुडघा गेल्यावर निवडकर्त्यांना तिच्याकडे बघावंच लागलं. फेब्रुवारीत ऑलिंपिक पात्रतेचा सामना, मेलबर्नला, उझबेकिस्तानविरुद्ध. हेमनने पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच चार गोल केले, सामना १०-० असा संपला. लीगमध्ये तिचे १७ गोल झाले, हंगामात सर्वाधिक. दहा सामन्यांच्या हंगामात हे झालं असतं का? मला नाही वाटत. लांब हंगाम खेळाडूला फॉर्म सापडायला, हरवायला आणि परत सापडायला वेळ देतो. आणि एवढं करूनही त्याच उन्हाळ्यात कॅनबेराचा संघ पुढच्या वर्षी उतरेल की नाही, पैसा कोण घालणार, हीच चर्चा चालली होती. त्या संघामागं पुरुषांचा क्लब नाही, महिलांचा म्हणूनच उभा राहिलेला तो क्लब आहे. मला त्यामुळे तो जास्तच जवळचा.

बाकी हंगामाचं थोडक्यात सांगते. साखळीत मेलबर्न सिटी पहिली. अंतिम सामना ४ मे २०२४ ला त्यांच्याच शहरात, सिडनी एफसीशी. सिडनीचा तो सलग सातवा अंतिम सामना. त्याआधीच्या सहांपैकी चार हरले होते, हेही लक्षात घ्या. एकच गोल झाला. शे हॉलमन, मधल्या फळीतली तरुण मुलगी, तिने लांबून चेंडू असा उचलून मारला की गोलरक्षक मागं धावतच राहिली. १-०. सिडनीचं पाचवं विजेतेपद. आम्ही वाँडररवाले, तरी उभं राहून टाळ्या वाजवल्या, टीव्हीसमोर.

हंगामभरात ३ लाख १२ हजारांहून जास्त लोकांनी मैदानावर येऊन सामने बघितले. ऑस्ट्रेलियात महिलांच्या कुठल्याही खेळाच्या एका हंगामाला तोवर एवढी माणसं आली नव्हती. सामन्यामागं सरासरी काढली तर साधारण सव्वादोन हजार पडते. पंच्याहत्तर हजारांचं स्टेडियम बघितलेल्यांना हा आकडा छोटा वाटला, काहींनी तसं लिहिलंही. मला तो छोटा वाटत नाही. विश्वचषकाला लोक देशासाठी येतात. रणरणत्या डिसेंबरच्या दुपारी, तिकडचा डिसेंबर म्हणजे आपला एप्रिल, कुठल्याशा उपनगरातल्या मैदानावर जे सव्वादोन हजार येतात ते त्या संघासाठी येतात. पेठेसाठी येतात म्हणा.

आता माझ्या प्रश्नाकडे. वर्षाचे आठवडे बावन्न, करार पस्तीस आठवड्यांचा. उरले सतरा. त्या सतरा आठवड्यांत काय?

जूनमधला एक रविवार सांगते, म्हणजे तिकडची थंडी. आमच्या घरापासून वीस मिनिटांवर राज्य लीगचा सामना होता. क्लबाच्या मदतीला म्हणून गेटवर पैसे घ्यायला मी बसले होते, मांडीवर पत्र्याची पेटी, अंगावर दोन स्वेटर. पन्नासएक माणसं आली असतील, निम्मी खेळाडूंच्या घरची. पाहुण्या संघाच्या मुली गाड्यांतून उतरून बॅगा खांद्याला लावून येत होत्या. त्यात ती होती, बर्फाच्या पिशवीवाली. गुडघ्याला आता पट्टी. मी तिला ओळखलं, ती मला ओळखणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, “ऑक्टोबरमध्ये तू माझ्या मुलीला सही दिली होतीस.” ती थांबली. म्हणाली, “नाव काय तिचं?” मी सांगितलं. तिने ते मनातल्या मनात एकदा जुळवलं, आणि म्हणाली, “हां, ते लांबलचक नाव. आली आहे का ती?”

आली होती. कुंपणापाशी चेंडू आणून द्यायला उभी होती.