तीन मिनिटं दाबून धरा

(दृश्य: हापूसची बाग. उंच फांदीवर आंबे उतरवायची घळ घेऊन चढलेला गडी.)

एप्रिल-मे म्हणजे कोकणात झाडावरून पडण्याचे दिवस. फांदी मोडते, माणूस खाली येतो. हातपाय शाबूत, बोलतोय, चहा मागतोय. घरचे म्हणतात, देव पावला. आणि तासाभरात पोट फुगतं, अंग गार पडतं. बागेचा हंगाम संपला तरी मुंबई-गोवा हायवे आहेच, त्याला हंगाम नाही. मार उजव्या बरगड्यांखाली बसला असेल तर पहिला संशय लिव्हरवर. लिव्हरचं हे रक्त थांबवतात कसं, ते बघू.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर. दिवा, हात, सक्शनचा आवाज.)

दीड किलोच्या आसपास वजनाचा हा अवयव. मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त यातून वाहतं. त्यातलं तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून, बाकीचं धमनीतून. पायाची शीर तुटली तर ती चिमट्यात पकडता येते, बांधता येते. लिव्हरमध्ये पकडायचं काय? फाटलेल्या पृष्ठभागावर सगळीकडून एकदम पाझर असतो. टाका घालावा तर दोरा मांस कापत सरळ बाहेर येतो. खरवस दोऱ्याने शिवून बघा, म्हणजे कळेल.

एक दिलासा आधीच सांगायला हवा. रक्तदाब टिकून असेल, सीटी स्कॅनवर लक्ष ठेवता येत असेल, तर लिव्हरच्या बहुतेक जखमांना आज पोट उघडावं लागत नाही. रक्त आपलं आपण गोठतं. आपण बोलतोय ते उरलेल्यांबद्दल, आणि गाठ काढण्यासाठी लिव्हरचा तुकडा मुद्दाम कापावा लागतो त्यांच्याबद्दल.

1908 मध्ये ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी लिव्हरकडे जाणारा रक्ताचा देठच बोटांत दाबून धरण्याची युक्ती लिहून ठेवली. आजही तेच करतात, फक्त बोटांऐवजी क्लॅम्प किंवा टेप. पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं मोकळं, पुन्हा बंद. पण हा नळ येणाऱ्या रक्ताचा. मागच्या बाजूने, हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरांतून रक्त उलटं येतच राहतं. ते आवरतो भूलतज्ज्ञ. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत तो लिव्हर कापून होईपर्यंत सलाईन हात राखून सोडतो, म्हणजे त्या शिरा तुडुंब भरत नाहीत. रक्तस्राव थांबवणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीत हा माणूस कधी दिसत नाही.

(दृश्य: ट्रेवर ओळीने मांडलेली पाकिटं. कॅमेरा जवळ.)

आता ती पाकिटं, रक्तस्राव थांबवणाऱ्या पदार्थांची. पहिलं जाळीदार कापडासारखं, ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज. मूळ वनस्पतीचं. कोरडंच ठेवायचं, रक्त लागलं की काळं पडतं, चिकट गोळा होतं. काही आठवड्यांत शरीर ते जिरवतं. तोवर सीटीवर ते कधी कधी गळवासारखं दिसतं, म्हणून ऑपरेशनच्या नोंदीत लिहून ठेवणं महत्त्वाचं. दुसरं जिलेटिनचा स्पंज. आपल्याकडे ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, त्याला सर्रास ॲबजेल म्हणतात. रक्त पिऊन फुगतो, छोट्या पाझराला पुरतो.

तिसरं महागडं. घोड्यापासून मिळवलेल्या कोलॅजेनची पट्टी, तिच्यावर माणसाच्या रक्तातली फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन ही गोठवणारी प्रथिनं सुकवून बसवलेली. रक्त गोठण्याची शेवटची पायरी, तयार करून कापडावर ठेवलेली. पिवळी बाजू जखमेकडे. पट्टी लावण्याआधी सर्जन हातमोजे सलाईनने धुतो, कारण मोज्यावर रक्त असेल तर पट्टी लिव्हरऐवजी बोटालाच चिकटते आणि हात उचलला की सगळं सोबत वर. मग ओला गॉज ठेवून दाबायचं. तीन मिनिटं. मध्येच उचलून बघायचं नाही. ओटीत घड्याळाकडे बघत गप्प उभं राहणं सगळ्यात अवघड जातं ते नव्या डॉक्टरांना.

उपयोग किती? स्पेनमध्ये 300 रुग्णांवर झालेली एक चाचणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. लिव्हर कापल्यावर अर्ध्या रुग्णांना फायब्रिनचा गोंद आणि कोलॅजेनचा स्पंज (पट्टीसारखेच घटक, पण सुटे) लावला, अर्ध्यांना नाही. रक्त देण्याची गरज आणि नंतरचे त्रास, दोन्हींत म्हणावा तसा फरक पडला नाही. याचा अर्थ पट्टी निरुपयोगी आहे असा नव्हे. पाझर लवकर थांबतो, हे इतर चाचण्यांत दिसलंय. पण नीट कापलेल्या, नीट बांधलेल्या लिव्हरवर ती सवयीने लावणं हा खर्च आहे, आणि तो रुग्णाच्या बिलात जातो.

(दृश्य: हर्णै बंदर, वाळूतला लिलाव. कोळंबीच्या पाट्या.)

आणखी एक पदार्थ कोकणाच्या ओळखीचा आहे. कोळंबी सोलली की उरतात डोकी आणि सालं. खेकड्यांची टरफलं वेगळीच. या टरफलांत कायटिन असतं. आम्लाने त्यातला चुना काढायचा, अल्कलीने प्रथिनं काढायची, मग आणखी तीव्र अल्कलीत तापवायचं, की मिळतं कायटोसान. त्यावर धन विद्युतभार असतो, लाल रक्तपेशींवर ऋण. पेशी येऊन चिकटतात आणि बूच बसतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या माणसातही ते बऱ्यापैकी काम करतं, कारण शरीराच्या गोठण्याच्या साखळीवर ते अवलंबून नाही.

अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी कायटोसानची पट्टी डुकरांच्या फाटलेल्या लिव्हरवर वापरून पाहिली, 2003 मध्ये निष्कर्ष छापले, आणि तशी पट्टी सैनिकांच्या किटमध्ये गेली. भारतातही कायटोसानची पट्टी बनते. मात्र या पट्ट्यांचा मुख्य वापर बाहेरच्या जखमांवर आहे; पोटात ठेवून टाके घालायचा हा माल नव्हे. कोची इथल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या कचऱ्यातून कायटोसान काढण्याचं तंत्र केव्हाच बसवलंय. तरी बंदरावर सालांचा ढीग उन्हात कुजतो तो कुजतोच. औषधाच्या दर्जाचं कायटोसान हे मोठं शुद्धीकरणाचं काम आहे, ते काही कोणी शेडमध्ये उकळून करणार नाही. पण निदान ढीग वेळेवर उचलायला तेवढं विज्ञान लागत नाही.

जाता जाता: जिलेटिन बहुधा डुकराचं, कोलॅजेन गाई-घोड्याचं, कायटोसान कोळंबीचं. रुग्ण शुद्धीवर असेल तर अ‍ॅलर्जीबद्दल आणि त्याला काय चालतं याबद्दल आधी विचारावं. ओटीच्या दारात फॉर्मवर सही घेताना हा प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो.

(दृश्य: पावसातला आंबा घाट. अ‍ॅम्ब्युलन्स.)

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबागला आता सरकारी मेडिकल कॉलेजं झाली. तरीही तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता फाटलेलं लिव्हर समोर आलं, तर सर्जनच्या हाताशी काय असतं? रक्ताच्या एक-दोन पिशव्या, एखादं ॲबजेल, आणि मॉप. मॉप म्हणजे रक्त टिपायची मोठाली, धुवट सुती कापडं. लिव्हरच्या वर आणि खाली ते ठासून बसवायचे, फाटलेल्या कडा एकमेकींवर दाबल्या जातील असे. भेगेच्या आत कोंबायचे नाहीत, त्याने भेग आणखी उघडते. पाझर थांबला की पोट तात्पुरतं बंद करायचं आणि रुग्णाला मोठ्या हॉस्पिटलात धाडायचं: आंबा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर कुंभार्ली चढून कराड.

अशा वेळी हजारोंच्या पट्टीपेक्षा हे मॉप खात्रीचे. पट्टी वाहत्या रक्तावर धुऊन जाते. तिला आधी जवळजवळ कोरडी जागा लागते, आणि ती जागा दाबच करून देतो.

सोबतच्या पत्रात सगळ्यात वर, ठळक अक्षरात एवढं हवं: पोटात किती मॉप ठेवले, किती वाजता. बाकीची औषधं खाली. एक ते तीन दिवसांत, रुग्णाचं गार पडलेलं अंग पुन्हा उबदार झालं, रक्त नीट गोठायला लागलं की तिकडचा सर्जन पोट पुन्हा उघडतो. मॉप सलाईनने भिजवतो, म्हणजे सुटताना गुठळी ओढून येत नाही, आणि एकेक मोजून काढतो. त्यानंतरही कुठे झिरपत असेल, तर पिवळ्या बाजूची पट्टी तिथे लावायची.