नजर कुठे गेली, ते सांगा
(नागपुरातल्या हौशी छायाचित्रकारांच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मित्रहो, मघाशी चहाच्या वेळी मी भिंतीवरचे प्रिंट बघत होते आणि तुमचं बोलणंही कानावर पडत होतं. सगळ्यांत जास्त वेळा ऐकू आला तो शब्द ‘मस्त’. त्याच्या खालोखाल ‘डल’. या दोन शब्दांनी कुणाचाही पुढचा फोटो सुधारणार नाही, आणि रविवारची सकाळ मोडून आपण इथे येतो ते त्याचसाठी.

दीक्षाभूमीचा तो फोटो घ्या. स्तूप फ्रेमभर, आणि पुढे पांढऱ्या लुगड्यातल्या एक आजी बसलेल्या. तिघा जणांनी ‘डल वाटतो’ म्हटलं, तो काढणाऱ्या मुलानं मान डोलावली आणि तो खुर्चीवर जाऊन बसला. घरी जाऊन त्यानं काय करायचं? त्याऐवजी कुणी असं म्हणालं असतं तर: ‘मला स्तूप पांढरा दिसत नाही, राखाडी दिसतो, आणि आजींचं लुगडंही त्याच राखाडीत विरून जातं, मी त्यांना दोन सेकंद शोधत होतो.’ यात नावं ठेवणं नाही. आपल्या डोळ्यांचं काय झालं, तेवढंच सांगितलं आहे. आणि इथून कारणापर्यंत जाता येतं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पांढरं म्हणजे काय ते कळत नाही. समोर जे येईल ते मधल्या करड्या रंगाच्या पातळीवर आणायचं, एवढंच त्याला ठाऊक. फ्रेमभर पांढरा स्तूप आला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय, अधिक एकवर न्या, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या कडेला चिकटत नाही ना ते बघा, आणि तोच फोटो पुन्हा काढा. ‘डल’ म्हणणाऱ्या तिघांनाही हे माहीत आहे. मग सांगितलं का नाही? मला वाटतं, शब्द हाताशी होता म्हणून विचार तिथेच थांबला.

दुसरा फोटो मारबतीचा, म्हणजे मिरवणुकीत नेतात त्या मोठ्या पुतळ्याचा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महाल-इतवारीच्या गल्ल्यांत किती दाटी असते, ते नागपूरकरांना सांगायला नको. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ऐकत, बडग्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या दुसऱ्या पुतळ्यांच्या, मागे धावत आपण सगळ्यांनीच फोटो काढले आहेत. या फोटोवर शेरा आला: ‘शार्प नाही.’ खरंच नाही. पण तो काढणाऱ्या ताईंना कुणी विचारलं का, की तुम्हाला काय दाखवायचं होतं? मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मला गर्दी वाहताना दाखवायची होती, म्हणून शटर सेकंदाच्या एक पंधरांशावर, म्हणजे संथ, ठेवला.’ म्हणजे अस्पष्टपणा ही चूक नव्हती, तो बेत होता. आता टीका बदलते आणि अवघडही होते. माझ्या डोळ्यांना तिथे वाहणं दिसत नाही, कारण सगळंच हललं आहे: माणसं, मारबत, मागची दुकानाची पाटीही. एखादी गोष्ट स्थिर असल्याशिवाय बाकीचं वाहताना दिसत नाही. मिरवणूक चौकात थांबते तेव्हा मारबत उभी असते आणि भोवतीची माणसं उसळत असतात. तो क्षण धरा, कोपर विजेच्या खांबाला टेकवा, शटर तोच ठेवा. ‘शार्प नाही’ ऐकून त्या पुढच्या वर्षी शटर झपाट्याच्या एक पाचशांशावर नेतील आणि आपण एक चांगली कल्पना मारून टाकू. याची मला खरोखर भीती वाटते.

हेतू विचारल्यावरही मतभेद राहतात, आणि राहू द्यावेत. 1936 साली अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँगनं कॅलिफोर्नियात, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. तिच्या दोन्ही खांद्यांना बिलगलेली पाठमोरी मुलं तुम्हाला आठवत असतील. खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा आला होता. लँगला तो खुपला आणि पुढे तिनं तो निगेटिव्हवरून पुसून घेतला. ज्या सरकारी प्रकल्पासाठी हे काम होतं त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना ते अजिबात पटलं नाही. त्यांच्या लेखी तो दस्तऐवज होता, त्यात हात घालायचा नव्हता. दोघंही जाणते आणि दोघांच्याही म्हणण्याला आधार होता. मात्र हेच स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना पंचनं भोक पाडत. त्याला टीका म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझा एक प्रिंट तरुणपणी एका स्पर्धेच्या परीक्षकांनी सगळ्यांदेखत ‘कागद वाया घालवला’ म्हणून बाजूला सारला होता. त्यात काय चुकलं होतं ते मला आजही माहीत नाही, आणि सल उरला आहे तो त्याचाच.

आता आपल्याकडची एक अडचण. आज तिसऱ्या ओळीत फुटाळ्याच्या सूर्यास्ताचा प्रिंट आहे, तो माझा. सगळ्यांनी छान म्हटलं. त्यातली पाण्याची रेघ डावीकडे कललेली आहे, तलाव सांडेल की काय असं वाटतं. ते इथल्या निम्म्या लोकांना दिसलं असणार. पण मॅडमच्या फोटोत चूक कशी काढायची, काकांना कसं सांगायचं, हा संकोच आपल्या हाडीमाशी आहे. मोठ्यांचा मान ठेवावा, जरूर ठेवावा. पण मग माझं शिकणं साठीनंतर थांबायचं का? म्हणून माझी विनंती आहे की पुढच्या वेळेपासून प्रिंटखाली नाव लावू नये. बोलणं संपल्यावर नाव सांगावं.

आणि ज्याचा फोटो आहे त्यानं आधी गप्प राहावं. हे सगळ्यांत कठीण. उमरेड-कऱ्हांडल्याला जायला आपण पहाटे तीनला उठतो, जिप्सीत कुडकुडत बसतो आणि चार तासांनी वाघाची पाठ मिळते. फोटोकडे बघताना आपल्याला ती सगळी पहाट दिसते. समोरच्याला फक्त पाठ दिसते. त्याला पहाट सांगायला लागलो की तो भिडेखातर ‘वा’ म्हणतो आणि त्याच्या डोळ्यांना काय दिसलं ते आपल्याला कधीच कळत नाही. वहीत लिहून घ्या, उत्तर देऊ नका. पटलं नाही तर आठ दिवसांनी पुन्हा वाचा. मग त्याच जागी परत जा. वाघ परत मिळणार नाही, पण दीक्षाभूमी घरापासून अर्ध्या तासावर आहे. मे महिन्यात जाणार असाल तर सहालाच पोहोचा, आठपर्यंत ऊन असं चढतं की सावल्या काळ्या ठिक्कर पडतात.

मी फार बोलले. मारबतीचा तो प्रिंट पुन्हा मधोमध लावा. ताई, तुम्ही पुढे बसा, वही घ्या. बाकी सगळ्यांनी दोन मिनिटं नुसतं बघायचं. मग या कोपऱ्यापासून सुरुवात करू: तुमची नजर पहिल्यांदा कुठे गेली?