'लेट' आजोबा लेफ्टनंट कसे झाले?

नमस्कार मंडळी! लग्नसराई आली की मला पत्रिकांचे फोटो यायला लागतात, ताई तेवढं इंग्रजी बघून द्या ना, आणि बघावं तर घोळ बहुतेक वेळा एकाच शब्दाचा. लेट. म्हणून आज लेट.

सोप्पं आधी उरकते. बस लेट आली, मी लेट झाले, हे तुम्हाला येतं. इन द लेट नाइन्टीज म्हणजे 1997, 98, 99 च्या सुमाराला. शी इज इन हर लेट ट्वेन्टीज, म्हणजे वय 27 ते 29. आणि लेटली म्हणजे उशिरा नाही हां, लेटली म्हणजे अलीकडे, त्यामुळे 'आय केम लेटली' नाही, 'आय केम लेट'. झालं, पुढे.

आता वारलेला माणूस. माय लेट फादर, द लेट मिस्टर कुलकर्णी. इथे हा लेट नावाच्या नाहीतर नात्याच्या आधीच बसतो. 'माय फादर इज लेट' म्हणालात तर वडील सुखरूप आहेत, फक्त चांदणी चौकात अडकलेत. (दक्षिण आफ्रिकेकडच्या इंग्रजीत याच वाक्याचा अर्थ वडील वारले असा होतो, पण तुमची पत्रिका काही तिकडे जायची नाहीये.) आणि फार जुन्या माणसांना लेट लावत नाहीत. न्यूटन 1727 मध्ये गेला, त्याला आता कोण द लेट न्यूटन म्हणतं?

बरं, आता ज्यासाठी खरं तर कॅमेरा लावलाय ते. एल टी टिंब! पत्रिकेवर, फ्लेक्सवर, बंगल्याच्या पाटीवर, सगळीकडे लेटच्या जागी एल टी टिंब. माझ्या मावसभावाच्या पत्रिकेत छापून आलं, 'ग्रँडसन ऑफ एल टी श्री' अमुक अमुक. मुलीकडचे एक काका फौजेतून रिटायर झालेले, ते कार्यालयात मावशीजवळ आले आणि अगदी आदराने म्हणाले, तुमचे सासरे कुठल्या रेजिमेंटला होते? मावशी म्हणाली, सिटी पोस्टात.

अहो एल टी म्हणजे लेफ्टनंट! निदान पुण्यात तरी हे माहीत असायला हवं ना? इथे खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं काढायची, मग आर्मीवाली मुलं वर्षभर डेहराडूनला आयएमएत जातात, आणि तिथून बाहेर पडताना खांद्यावर दोन स्टार लागतात, तो लेफ्टनंट. म्हणजे विशी-बाविशीतला चांगला धडधाकट मुलगा! आणि आपण ते कुणाला लावतो, तर ज्याच्या फोटोला हार घातलाय त्याला.

यावर एका दादांची कमेंट आहे, मराठीत कै. चालतं तर इंग्रजीत एल टी का नाही, उगाच किस पाडता. दादा, कैलासवासी केवढा लांबलचक शब्द, तो छोटा केला तर समजू शकते, आणि कै. वाचून कुणाला दुसरं काही वाटतही नाही. लेटमध्ये अक्षरं किती? एल, ए, टी, ई. चार. एल, टी आणि टिंब मिळून तीन. एवढा खटाटोप करून वाचलं काय, एक अक्षर! आणि त्या एका अक्षरापायी पोस्टातला माणूस फौजेत भरती.

दुसऱ्या एक ताई म्हणतात, 'अहो पण वाचणाऱ्याला कळतंय की.' कळतंय, कारण आपण सगळेच तसं लिहितो. उद्या मुलाच्या परदेशातल्या बॉसला तीच पत्रिका पाठवाल, तो कौतुकाने म्हणेल, अरे वा, मिलिटरी फॅमिली!

तर काय करायचं, प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं की पहिल्यांदा आजी-आजोबांची ओळ झूम करून बघायची. प्रेसवाले म्हणतील, ताई, सगळे असंच छापतात. त्यांना सांगा, ते एक जास्तीचं अक्षर टाका, त्याचे काय होतील ते पैसे मी देते.