आधी बघा, मग वाचा

मंडळी, टेबलावर पांढऱ्या रुमालात ठेवलेली ही वही माझ्या चित्रकलेच्या सरांची. सर पंचवटीत राहायचे. ते गेल्यावर घरच्यांनी वहीतला मजकूर टाइप करून घेतला आणि मूळ वही रद्दीच्या गठ्ठ्यात गेली. मी ती मागायला गेलो तेव्हा त्यांनी अगदी सरळ मनानं विचारलं, "सगळं उतरवून घेतलंय की, आता ही कशाला?" त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. हस्तलिखित म्हणजे मजकूर, असंच आपण सगळे धरून चालतो.

रवींद्रनाथांचं उदाहरण घ्या. १९२४ साली ते अर्जेंटिनात आजारी होते, तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात राहत होते. तेव्हा ‘पूरबी’ या संग्रहाच्या कविता चालल्या होत्या. खोडलेले शब्द त्यांना तसेच सोडवत नसत. एक खोड दुसरीला जोडायची, तिला चोच काढायची, शेपूट काढायची. बघता बघता पानभर एखादं अनोळखी जनावर उभं राहायचं. वय त्रेसष्ट. तिथून पुढे १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. मला बंगाली वाचता येत नाही, आणि या पानांपुरतं ते बरंच झालं. अर्थ आडवा येत नाही, त्यामुळे नजर थेट रेषेवर जाते.

मोडीचंही तेच. घरात आजोबांचे मोडी कागद असतील तर ते वाचता येत नाहीत म्हणून बांधून ठेवू नका. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत न्यायची, ही ती पद्धत. शाई गडद सुरू होते, फिकी होत जाते आणि एकदम पुन्हा गडद होते. तिथं बोरू दौतीत बुडला. लिहिणारा कुठं थांबला, ते शंभर वर्षांनीही दिसतं.

लिओनार्दोच्या वह्यांबद्दल पुष्कळ बोललं जातं, मी एवढंच सांगतो. तो डावखुरा, उजवीकडून डावीकडे उलटं लिहायचा. आणि त्याच्या छायारेषाही डावीकडून उजवीकडे उतरत जातात. अक्षर आणि चित्र एकाच मनगटातून आलंय, हे त्या तिरकसपणावरून कळतं. छापलेल्या मजकुरात हे कुठून येणार?

आता सरांची वही. हे पान रामकुंडावर सकाळी बसून लिहिलेलं आहे. "पायऱ्यांची सावली – काळा" असं आधी लिहिलंय. मग ‘काळा’ खोडून वर ‘जांभळा’, तोही खोडलाय. पुढे शब्द नाहीतच. समासात ब्रश पुसल्याचे चार पट्टे आहेत, शेवटचा निळसर करडा. त्याच्याभोवती टाकानं गोल केलाय. टाइप केलेल्या प्रतीत या जागी काय आहे ते सांगतो: "पायऱ्यांची सावली", आणि पुढे कोरी जागा. सरांना जे सापडलं, नेमकं तेच गळालं.

आणि हा खालचा डाग. १९६९च्या पुरात वही भिजली होती. आपण नाशिककर गोदावरीचा पूर काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो. त्या वर्षी पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं होतं. निळ्या-काळ्या शाईतला निळा रंग पाण्यात सुटतो, लोहाचा अंश मात्र कागदाला धरून राहतो. म्हणून इथं अक्षरं तपकिरी उरलीत आणि प्रत्येक ओळीभोवती फिकट निळं वलय आलंय. सरांनी हे पान फाडलं नाही. वलयाच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, "हा निळा मिळवायचा."

एका ठिकाणी अशाच जुन्या पानांना प्लॅस्टिक चढवून कडा कापून टाकलेल्या मी पाहिल्यात. फार वाईट वाटलं. समास कापू नका हो, निम्मं काम तिथंच असतं.

आता चौघं चौघं या. हात धुऊन, कोरडे करून या. वही इथं खिडकीशी ठेवतो, उजेड बाजूनं पडला की टाकाचे खळगे दिसतात. पहिली दोन मिनिटं कुणी वाचायचं नाही. रामकुंडाचं पान मी उघडून ठेवलंय.