डाव्या हाताची बाही

सकाळची गोदावरी. रामकुंडाच्या पायऱ्या अजून ओल्या आहेत. इथून पंचवटीतल्या गल्ल्यांमधून दहा मिनिटं चाललं की एका जुन्या घराच्या माडीवर ही खोली लागते. दर रविवारी नऊ वाजता इथे सतरंजी पडते, चहाचं आधण चढतं आणि डिटेक्टिव्हच्या गोष्टींचं वाचन सुरू होतं.

या फिल्ममध्ये चेहरे दिसणार नाहीत. इथे जमणाऱ्यांपैकी काहींची दारू सुटली आहे, काहींची सुटते आहे. चेहरा दाखवायचा नाही, एवढ्या एकाच अटीवर त्यांनी आम्हाला आत घेतलं. म्हणून तुम्हाला दिसतील ते हात.

हा हात सातपूरच्या कारखान्यातल्या एका फिटरचा. नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ आहे. या हातात शेरलॉक होम्स आहे, १८९० सालची 'द साइन ऑफ फोर' ही कादंबरी. सुरुवातीलाच खून नाही, मदत मागायला आलेलं कुणी नाही. होम्स शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यातली बाटली उचलतो, चामड्याच्या छोट्या पेटीतून सिरिंज काढतो आणि डाव्या हाताची बाही मागे सारतो. मनगटापासून वर सुयांचे वणच वण. सात टक्क्यांचं कोकेनचं द्रावण. दिवसातून तीनदा, कित्येक महिने.

माझ्या लहानपणी आमच्याकडे होम्सची जी संक्षिप्त आवृत्ती होती, तिच्यात हे पानच नव्हतं. मुलांच्या हाती नको, असं कुणाला तरी वाटलं असणार. पाइप ठेवला, व्हायोलिन ठेवलं, सिरिंज काढून टाकली. मी ते पान वाचलं वयाच्या तिसाव्या वर्षी. तोवर आमच्या घरात दारू शिरून बरीच वर्षं झाली होती. हे पान वेळेवर हाती पडलं असतं तर माझ्या भावाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं, असं मला आजही वाटतं.

होम्सचे लेखक कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर होते. कोकेननं डोळा बधिर करता येतो हे व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं १८८४ साली दाखवून दिलं होतं, आणि इंग्लंडात ते तेव्हा औषधाच्या दुकानात मिळायचं. होम्स काही गुन्हा करत नव्हता. हातात केस नसली की त्याला रिकामपण सोसवत नाही, आणि मग पेटी उघडते. हे वाचताना सतरंजीवरचे हात कसे थांबलेत बघा. "सुट्टीच्या दिवशीच जास्त व्हायची," फिटरकाका म्हणतात.

हिरव्या बांगड्यांचा हा हात ताईंचा. त्या नवऱ्याबरोबर येतात आणि गोष्ट सांगणारा होम्सचा मित्र, डॉ. वॉटसन, याचे परिच्छेद नेहमी त्याच वाचतात. रोज रात्री वॉटसन मनाशी ठरवतो, आज बोलायचंच. आणि रोज रात्री त्याची जीभ रेटत नाही. एक निष्णात डॉक्टर, लढाई पाहून आलेला माणूस, त्याच खोलीत बसून नुसता बघत राहतो.

इथे आम्ही कॅमेरा हलवलेला नाही.

दुसरं पुस्तक इंग्रजी आहे. गटातले एक निवृत्त शिक्षक ते हातात धरून थेट मराठीत सांगत जातात. लॉरेन्स ब्लॉक यांचा मॅट स्कडर, न्यू यॉर्कचा माजी पोलीस. दरोडेखोरांवर झाडलेली त्याची एक गोळी आपटून उलटली आणि एका लहान मुलीचा जीव गेला. त्यानं नोकरी सोडली, घर सोडलं. दारू सुटली नाही. १९८२ सालच्या कादंबरीत तो खुनाचा तपास करता करता चर्चच्या तळघरात भरणाऱ्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगांना जाऊन बसतो. बोलायची पाळी आली की नाव सांगतो आणि म्हणतो, आज मी नुसता ऐकतो.

या चार शब्दांवर इथे पाऊण तास गेला. "ऐकतो" की "ऐकायला आलोय"? "नुसता" ठेवायचा का? आपण पहिल्यांदा काय म्हणालो होतो ते प्रत्येकानं सांगितलं, आणि जवळजवळ सगळ्यांचं वाक्य हेच निघालं. सरांच्या वहीत पेन्सिलीनं केलेली खाडाखोड दिसते आहे. शेवटी "नुसता" राहिला.

कादंबरीच्या शेवटच्या पानावर खुनी सापडून गेलेला असतो. स्कडर मीटिंगमध्ये कबूल करतो की मी दारुडा आहे, आणि रडतो. माझ्या मते रहस्यकथेत याहून मोठा उलगडा क्वचितच झाला असेल.

वर्षभरात या सतरंजीवरचे दोघं यायचे थांबले. एक परत आला.

आजचं वाचन १९०४ सालच्या एका होम्सकथेचं. वॉटसननं हळूहळू, वर्षानुवर्षं खपून होम्सचं व्यसन सोडवलंय. पण तो लिहितो, तो राक्षस मेलेला नाही, झोपलाय, आणि त्याची झोप सावध आहे. ताई हे वाक्य दोनदा वाचतात. मग पानात एसटीचं तिकीट खूण म्हणून ठेवून पुस्तक शेजारच्या हातात देतात. डावा हात आहे, बाही कोपरापर्यंत दुमडलेली.