डोंगरात मारुती कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

गोदेला पूर आला की नाशिककर क्युसेक विचारत नाही. ‘मारुतीच्या कुठवर आलंय?’ असं विचारतो. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही आपली पट्टी. पाणी कमरेच्या वर सरकलं की भांडीबाजारातले दुकानदार माल माळ्यावर चढवू लागतात. हुकुमाची वाट कोण बघतो?

पण हे पाणी ज्या डोंगरांतून येतं, तिथे असा मारुती नाही. पावसाळ्यातल्या रविवारी हरिहर गडावर जाऊन बघा. कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या, बोटं रोवायला खोबण्या, आणि चढणारे-उतरणारे एकाच वाटेवर. जोराची सर आली की मधला माणूस ना वर, ना खाली. दुगारवाडीच्या धबधब्याला 2022 मध्ये पाणी अचानक वाढून पर्यटक अडकले होते. धबधब्याशी नुसती भुरभुर असते, पाऊस कोसळलेला असतो तो वरच्या डोंगरात.

हवामान खातं आता ‘नाशिक घाट’ असा वेगळा इशारा देतं. बरं झालं, सपाटीवरच्या निफाडचा आणि घाटातल्या इगतपुरीचा पाऊस एका मापात बसतच नव्हता. तरी आपल्या डोंगरावर रात्री किती पडला, हे पाड्यावरच मोजायला हवं. पर्जन्यमापक नसेल तर सपाट बुडाचा, उभ्या भिंतीचा डबा उघड्यावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला त्यात मोजपट्टी बुडवा. साडेअकरा सेंटिमीटरच्या वर गेलं, तर तो अतिमुसळधार. सोबत झऱ्याकडेही लक्ष हवं. पाणी एकाएकी गढूळ झालं, उताराला भेग पडली, झाडं कलली, तर घर सोडायचं, रात्र असली तरी. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं, दीडशे माणसं गेली. गाव जागेवर नाही, हे आधी कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरला.

आता खरी गोम. गर्दीला परत पाठवायचं कुणी? पायथ्याचा भजीवाला पाऊस ओळखतो, पण गड बंद म्हणजे त्याची कढईही बंद. वाहनतळाच्या पावतीतले चार पैसे बाजूला टाकून बंदच्या दिवशी त्याला आणि वाटाड्याला दिले, तर तोच गाड्या माघारी फिरवील. 2027 च्या सिंहस्थात ब्रह्मगिरीवर गर्दी चढेल, त्याआधी एवढं जमवायला हवं.

तोवर तुम्ही रविवारी निघालात, तर चहा घेता घेता पाड्यावर विचारा: रात्री डबा किती भरला?