तापी आणि तपांबर

(दृश्य: मे महिना, दुपारचे दोन. शहाद्याजवळचं नांगरून टाकलेलं काळं रान.)

बांधावरचा पाचोळा गरागरा फिरत वर निघालाय. वावटळ. ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. आधी जमीन तापते, मग तिला टेकलेली हवा; ती हलकी होऊन वर सुटते, वरची गार हवा खाली उतरते. ही घुसळण जिथवर पोचते, तिथवर तपांबर, वातावरणाचा सगळ्यात खालचा थर.

शब्द फोडू. तप अधिक अंबर. हे तप तपश्चर्येतलं नव्हे, उष्णतेचं. ‘तप्’ याच धातूतून ताप आला, तापमान आलं, आणि प्रकाशा गावाजवळून वाहणारी, सूर्याची लेक मानलेली तापी नदीही आली. अंबर म्हणजे आकाश, तसंच वस्त्र, पीतांबरातलं. बांधावर मात्र अंबर कुणी म्हणत नाही, इकडे आभाळाचंही ‘आभाय’ होतं.

तपांबराला इंग्रजीत म्हणतात तो ट्रोपोस्फिअर ग्रीक ‘ट्रोपोस’वरून आला: वळणं, पालटणं. ग्रीकाने घुसळण धरली, मराठीने तिचं कारण. फक्त ‘तप’ ऐकून अख्खा थर गरम समजू नये. वर जाल तसं दर किलोमीटरला सरासरी 6.5 अंश उतरतात. तोरणमाळ सुमारे 1,150 मीटरवर, शहाद्याहून हजारेक मीटर उंच. एकाच वेळी दोन्हीकडे, सावलीत, जमिनीपासून दीड मीटरवर तापमापक टांगा. सहा-सात अंशांचा, कोरड्या दुपारी त्याहूनही जास्त फरक दिसेल. तापमापकाच्या पाऱ्याच्या गोळ्यावर ऊन पडलं की आकडा बाद.

हाच संशय फ्रान्सचे हवामानशास्त्रज्ञ लेओं तेसरां द बोर यांना छळत होता. पॅरिसजवळच्या त्राप इथून त्यांनी सोडलेले फुगे सांगत होते, की सुमारे 11 किलोमीटरनंतर तापमान घसरायचं थांबतं. उपकरण उन्हाने तापलं असेल म्हणून त्यांनी रात्री फुगे सोडले. आकडे तेच! 1902मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. ट्रोपोस्फिअर, स्ट्रॅटोस्फिअर ही नावंही पुढे त्यांनीच दिली. दुसऱ्यातला ‘स्ट्रॅटम’ म्हणजे थर. आपलं स्थितांबर: थांबलेलं.

पॅरिसकडे 11 किलोमीटरवर सापडलेली ही तपांबराची वरची हद्द, तपस्तब्धी, खानदेशावर मात्र 16-17 किलोमीटरवर असते.

(दृश्य: संध्याकाळ, सातपुड्यामागे वळवाचा ढग.)

माथा बघा. चुलीचा धूर छताला लागून पसरावा, तसा ढग ऐरणीसारखा सपाट झालाय. वरची हवा त्याच्याहून उबदार, म्हणून त्याला आणखी चढता येत नाही.